बाबा कुठे गेले, हे कोणी सांगायचे?

श्रोतेहो, नमस्कार.

माझे यजमान गेले तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होता. ‘बाबा देवाघरी गेले’ असे मी त्याला सांगितले आणि दिवसकार्याच्या धावपळीत त्या उत्तराचा मला विसरही पडला. महिनाभराने ठाणे स्थानकाबाहेर रिक्षाच्या रांगेत उभे असताना त्याने विचारले, ‘देवाच्या घरी रिक्षा जाते का?’ मागच्या दोघी कौतुकाने हसल्या. माझ्या घशाला कोरड पडली.

या वयाच्या मुलाला मरण म्हणजे कायमचे जाणे, हे पुरते उमगलेले नसते. ‘झोपले’ म्हटले तर ते झोपायला घाबरते, ‘गावाला गेले’ म्हटले तर वाट पाहत राहते. ‘बाबांचे शरीर बंद पडले, ते मेले, आता परत येणार नाहीत, आणि यात तुझी काहीही चूक नाही’ एवढे साधे बोलणे मला एका अनोळखी बाईने शिकवले. तिचा नवरा माझ्या यजमानांच्या दोन वर्षे आधी गेला होता. जोडीदार गमावलेले आम्ही काही पालक महिन्यातून एका रविवारी तलावपाळीवर मुलांसह भेटतो, ते तिच्याच पुढाकाराने. ‘मुलांकडे बघून सावर’ असे तिथे कोणी म्हणत नाही. (हा सल्ला देणाऱ्याला ‘म्हणजे नेमके काय करू?’ असे विचारून पाहा. तो चहाचा कप खाली ठेवून उठतो.)

विल्यम वर्डेन आणि फिलिस सिल्व्हरमन या अभ्यासकांनी अमेरिकेत बॉस्टनच्या परिसरात आई किंवा वडील गमावलेल्या ७० कुटुंबांतील १२५ मुलांचा दोन वर्षे पाठपुरावा केला. मागे राहिलेला पालक रोजचे जगणे कसे पेलतो, यावर मुलाचे सावरणे फार अवलंबून असते, असे त्यांना आढळले. हे कळल्यावर मला धडकीच भरली, कारण मुलासमोर रडायचेच नाही असा अर्थ मी काढला होता. गटातल्या मंडळींनी तो खोडून काढला: मुलासमोर डोळ्यांत पाणी आले तर येऊ द्यावे, पण घराचे हप्ते, सासरची बोलणी, रात्रीची भीती हे सारे ओझे सात वर्षांच्या जिवापुढे उतरवू नये, त्यासाठी मोठी माणसे हवीत.

कोपरखैरण्याचे एक गृहस्थ आठ वर्षांच्या लेकीला घेऊन येतात. शाळेत दोन वेण्या सक्तीच्या, आणि यांनी घातलेल्या वेण्या मधल्या सुट्टीपर्यंत सुटलेल्या. आमच्यातल्या एका काकूंनी तलावाकाठच्या बाकावर मुलीला बसवून दाखवले: भांग सरळ पाडायचा, तीन पेड सारखे घ्यायचे आणि पहिले दोन वळसे मानेजवळ घट्ट ओढायचे. ‘आई पण अशीच ओढायची,’ मुलगी म्हणाली. चार महिन्यांत आईचा विषय तिने काढला तो तेव्हा पहिल्यांदा. ऑफिसातून ठाण्याला येऊन वाशीची गाडी पकडणाऱ्या या वडिलांना वीस मिनिटे उशीर झाला, तरी ती खिडकीशी उभी असते. आता ते गाडीत बसल्यावर आणि ऐरोली आल्यावर न चुकता फोन करतात.

सोसायटीच्या हळदीकुंकवात आईला बाजूला बसवलेले मूलही पाहत असते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आमच्या शहरी इमारतींना तेवढे अजून जमलेले नाही.

पैशांबद्दल थोडक्यात सांगते. एक पालक गमावलेल्या, निकषांत बसणाऱ्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. तिची चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करावी. मूल आठवडेच्या आठवडे शाळा टाळत असेल किंवा ‘मलाही बाबांकडे जायचे आहे’ असे म्हणत असेल, तर मात्र गटावर विसंबू नये. तज्ज्ञांकडे जावे, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते.

गेल्या भेटीत एका नव्या मुलाने माझ्या मुलाला नावेत विचारले, ‘तुझे बाबा कुठे आहेत?’ ‘मेले. तुझे?’ ‘माझी आई.’ एवढे बोलून दोघे पुढे कोणी बसायचे यावरून भांडू लागले.