सख्खा की चुलत?

(नागपुरातील एका महाविद्यालयात निवृत्त वसतिगृह-रेक्टर बाईंनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझा विषय 'लिंगनिरपेक्ष विद्यार्थी-निवास' असा छापलाय. तो वाचून आमच्या शेजारच्या काकूंनी विचारलं, "व्याकरणाचं व्याख्यान आहे का हो?" त्यांचं फार चुकलं नाही. आपली मराठी तीन लिंगांची. तो मुलगा, ती मुलगी, ते मूल. पोटच्या लेकराला आपण बिनदिक्कत 'ते' म्हणतो. तेच लेकरू बारावी होऊन नागपूरला शिकायला आलं की फॉर्मवर दोनच चौकोन असतात, आणि आवारात इमारतीही दोनच.

अठ्ठावीस वर्षं मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. हजेरी, गेट पास, लोकल गार्डियनची सही, मेसमधली भाजी, सगळं केलं. त्यामुळे आज मी तुम्हाला आधुनिक विचार सांगायला आले आहे असं समजू नका. विषय एवढाच, की मुलगा की मुलगी हे न बघता वसतिगृहात खोली द्यायची. म्हणून मला खोल्यांबद्दल बोलायचंय. कड्या, बाथरूम, भाडं, घरमालक.

घरमालकांपासून सुरुवात करते. गडचिरोली, गोंदिया, यवतमाळकडून दरवर्षी किती भावंडं इथे येतात! भाऊ इंजिनिअरिंगला, बहीण नर्सिंगला. वसतिगृहात भावाची खोली एका टोकाला, बहिणीची दुसऱ्या, आणि दोघांच्या मेसचा खर्च बापाला झेपत नाही. मग ती नंदनवनला नाहीतर त्रिमूर्तीनगरला रूम करून राहतात. एक गॅस, एक कुकर. रूम बघायला गेलं की घरमालकीण पहिला प्रश्न विचारते, "सख्खा भाऊ आहे का?" सख्खा म्हटलं तर ठीक. चुलत म्हटलं की तिचा चेहरा बदलतो. मावसभावाला तर आधार कार्ड दाखवूनही रूम मिळत नाही, कारण आडनाव जुळत नाही.

म्हणजे मुलगा-मुलगी एका छपराखाली राहणं नागपूरला नवीन नाही. पेठापेठांत ते चालू आहे, फक्त नात्याचा दाखला दाखवावा लागतो. ज्यांच्याकडे हा दाखला नाही त्यांचं काय, एवढाच माझा आजचा मुद्दा.

आता एक गोष्ट सांगते. ती माझ्या बाजूने चांगली नाही. वर्ष सांगत नाही, कॉलेजही नाही. जुलै महिना, ॲडमिशनची गर्दी, बाहेर धो-धो पाऊस. माझ्या ऑफिसच्या दारात एक विद्यार्थी येऊन उभा राहिला. कागदांवर मुलगा. मीही तेव्हा 'तो' म्हणत होते, आज 'ती' म्हणते. खाली बघत म्हणाली, "बाई, मले पोराईच्या हॉस्टेलात नोका पाठवू. तिथं आंघोळीले पहाटे तीनले उठा लागते." मी विचारलं, पहाटे तीनला का? ती काहीच बोलली नाही. तिथल्या न्हाणीघराला कडी नव्हती. कित्येक वर्षं नव्हती, आणि मुलांना कडी कशाला लागते असं सगळ्यांनी धरून चाललेलं होतं. मी नियमावली उघडली. मुलींच्या वसतिगृहात प्रवेश फक्त मुलींना. वाचून दाखवलं. ती "हो बाई" म्हणाली आणि गेली. दुसऱ्या वर्षाच्या यादीत तिचं नाव नव्हतं.

मी नियम मोडायला हवा होता असं मी म्हणत नाही. रेक्टरने नियम मोडले तर अठ्ठावीस दिवससुद्धा नोकरी टिकत नाही. पण मुलांच्या रेक्टरना फोन करून न्हाणीघराला कडी बसवून घ्या, एवढं मला सांगता आलं असतं. तेही मी केलं नाही.

कायदा थोडक्यात सांगते, कारण सभेत कोणीतरी नक्की विचारतं, "पण हे कायद्यात बसतं का?" 15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने नाल्सा, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, खटल्यात तृतीयपंथी व्यक्तींना स्वतंत्र ओळख मान्य केली. 2019 साली संसदेने तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा केला, तो 10 जानेवारी 2020 पासून लागू झाला. त्यातल्या तिसऱ्या कलमात शिक्षणसंस्थेत भेदभाव करू नये असं आहे, आणि राहायला, भाड्याने घ्यायला जागा नाकारू नये असंही आहे. त्यामुळे मला विचाराल तर प्रश्न उलटा हवा. त्या दिवशी मी जे केलं ते कायद्यात बसलं असतं का?

आपल्या देशात असं लिंगनिरपेक्ष वसतिगृह कोणी करून पाहिलंय का? पाहिलंय. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने 2018 च्या सुमाराला मुलींच्या एका वसतिगृहाचा तळमजला यासाठी दिला. हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठाने 2022 मध्ये वसतिगृहातल्या खोल्या आणि वर्गांच्या इमारतीतलं एक स्वच्छतागृह असंच ठेवलं. दिल्लीच्या जेएनयूत काही वसतिगृहांत एकाच इमारतीत मुलांची एक विंग, मुलींची दुसरी. तो वेगळा प्रकार, पण एका मेसमध्ये जेवल्याने आभाळ कोसळत नाही हे तिथे केव्हाच कळलंय.

अमेरिकेचं उदाहरण मी जरा जपून देते. तिकडे साधारणपणे एका खोलीत दोघं, त्यामुळे त्यांचा सगळा वाद 'खोलीत सोबत कोण' यावर. ओबर्लिन कॉलेजने 1970 मध्ये मुलं-मुली एका इमारतीत ठेवली तर देशभर गाजावाजा झाला. वेस्लियन विद्यापीठाने 2003 मध्ये पुढचं पाऊल टाकलं. सोबती निवडताना लिंग बघायचंच नाही, अशी काही खोल्यांपुरती सोय केली. रटगर्स विद्यापीठात 2010 साली एका मुलाचे खासगी क्षण त्याच्या रूम पार्टनरने वेबकॅमवरून पाहिले, आणि त्या मुलाने जीव दिला. पुढच्याच वर्षी तिथे ही सोय सुरू झाली. सरळ चढती रेघ मात्र समजू नका. उत्तर कॅरोलायनात एका कॅम्पसच्या विश्वस्तांनी 2012 मध्ये मंजुरी दिली आणि 2013 मध्ये राज्याच्या विद्यापीठ मंडळाने ती खोडून टाकली. तिथले पालकही आपल्यासारखेच पालक.

पालकांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. रात्री साडेनऊला मला फोन यायचे, "मॅडम, आमची पोरगी आली का?" त्या आवाजात काय असतं ते मला माहीत आहे. म्हणून स्पष्ट सांगते. ज्यांनी स्वतः मागितलं त्यांच्यासाठीच ही सोय असते. कोणाच्या लेकीला न विचारता मुलाबरोबर खोली दिली जात नाही. आपल्याकडे तर मी खोलीबद्दल बोलतच नाही, मजल्याबद्दल बोलते. ज्याची त्याची खोली, आतून कडी, बाहेरून कुलूप. "जोडपी घुसतील" हा आक्षेप तर ठरलेलाच. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं जोडप्यांनी एक खोली घेऊ नये असंच सुचवतात, तसं आपणही लिहू शकतो. आणि खरं सांगू का, ज्यांना भेटायचंय त्यांना फुटाळा तलावाचा काठ आहे. त्यासाठी रेक्टरच्या नाकासमोर कोण राहायला येईल?

खरी अडचण वेगळीच आहे, आणि तिच्यावर मी बरीच वर्षं विचार करतेय. समजा तुम्ही एक मजला काढला आणि दारावर पाटी लावली. आता त्या जिन्याने जो चढेल त्याच्यावर शिक्का. जिच्या घरी अजून काही माहीत नाही ती तिथे कशी राहणार? गावाकडून मामा भेटायला आला आणि पाटी वाचली तर? म्हणजे आसऱ्याची जागाच चहाडी करणार.

बरं, पाटी काढून टाकली, सगळ्यांना खुलं केलं, तर काय होतं? याचं उत्तर कोल्हापुरात आहे. राजर्षी शाहूंनी 1896 मध्ये सर्व जातींच्या मुलांसाठी एक वसतिगृह काढलं. हळूहळू ते ब्राह्मण मुलांनीच भरून गेलं. मग 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आलं, पुढे मुस्लिम, लिंगायत, आणि 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जातवार वसतिगृहं म्हटलं की आज आपल्याला कसंतरी होतं. पण ज्या पोराला गावात कोणी ओसरीसुद्धा देत नव्हतं त्याला ती खोली मिळाली आणि तो शिकला. आपल्या नागपुरात अस्पृश्य मुलांसाठी निघालेलं चोखामेळा वसतिगृह आहेच की. आपल्याकडची कितीतरी वसतिगृहं मुळी ज्यांना कोणी खोली देत नाही त्यांच्यासाठीच उभी राहिली.

तेव्हा पाटी नको, आणि सरसकट खुलंही नको. मी असं सुचवते. पंधरा-वीस खोल्यांचा भाग घ्या आणि त्याला नुसतं 'सी ब्लॉक' म्हणा. त्यात भावंडं राहू द्या. पीएच.डी. करणारे राहू द्या. व्हीलचेअरवरची एक मुलगी माझ्याकडे होती, तिला उचलून ठेवायला फक्त वडील होते, आणि वडिलांना मुलींच्या वसतिगृहात रात्री थांबता येत नव्हतं. बिचारे तीन वर्षं बाहेर खोली घेऊन राहिले. तशांना तिथे जागा द्या. या सगळ्यांत मिसळून तीही राहील, पहाटे तीनला उठणारी, आणि बाहेरच्याला कळणार नाही की कोण कशासाठी राहतंय. अर्जात कारण विचारू नका. फक्त पहिल्या काही खोल्या, ज्यांना बाकी दोन्ही इमारतींत राहणं अशक्य आहे, त्यांच्यासाठी राखून ठेवा. ते रेक्टरला तोंडी सांगितलं की पुरे, कागद मागायचा नाही. माझ्या सहकाऱ्यांना हे पटत नाही. म्हणतात, तोंडी सांगण्याचा गैरवापर होईल. होईल, एखाद-दुसरा करेल. उत्पन्नाच्या दाखल्यांचा होत नाही का?

बाथरूमला पैसे लागतील, तिथे कंजुषी करू नका. फळी जमिनीपासून छतापर्यंत हवी, अर्धी नको. प्रत्येक दाराला आतून कडी. बेसिन आणि आरसे बाहेर, सामाईक. पॅड टाकायचा डबा प्रत्येक संडासात, कारण तो कोणाला लागेल हे बाहेरून सांगता येत नाही. आणि कूलरचं पाणी बाथरूमच्या नळावरून भरायला लावू नका. मे महिन्यात त्यावरून जेवढी भांडणं होतात तेवढी कशावरूनच होत नाहीत.

कोणी म्हणेल, एवढं कशाला, भत्ता द्या, बाहेर राहतील. ज्यांना वसतिगृह मिळत नाही अशा अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना निघाली. नागपुरासाठी वर्षाला 60,000 रुपये, त्यात निवासाचे 20,000. महिन्याला सतराशेच्या आतच बसतात. योजना चांगली, तिच्यामुळे शिकलेली मुलं मी पाहिलीत. पण पैसे हातात घेऊन सुद्धा शेवटी त्याच घरमालकिणीच्या दारात उभं राहायचंय, आणि ती तोच प्रश्न विचारणार आहे.

आता शेवटचं. कार्यक्रमाआधी मी तुमचं आवार फिरून आले. कॅन्टीनच्या मागे जुनी स्टाफ क्वार्टर्स रिकामी पडलीत. बारा खोल्या मोजल्या, प्रत्येकीला मागे स्वतःचं न्हाणीघर. दारांना वाळवी लागलीय, आणि भिंतीवरच्या डागांवरून वाटतं की छत दोन ठिकाणी गळतं. मृगाआधी डांबर टाकून घ्या. प्राचार्य सर समोरच बसलेत, तर पहिला प्रश्न त्यांनीच विचारावा.