पाणी वायरीतनं येतंय

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर. मोटरीतलं तारांचं वेटोळं (वाइंडिंग) नव्यानं भरून देणाऱ्या या दुकानात आज मोटरीऐवजी एक प्लॅस्टिकचा डबा आलाय. आत कॅमेरा आणि दिवा. पंचगंगेत सोडलेल्या पाइपाच्या फूटव्हॉल्व्हला (बुडालेल्या टोकाच्या झडपेला) केंदाळ अडकलंय का, हे बुडी न मारता बघायचा हा जुगाड.

चारच दिवसांत आत पाणी. झाकणाची रबरी ओ-रिंग शाबूत, वायर आत शिरते तिथं ती आवळून धरणारी ग्लँडही घट्ट.

दुकानातले मामा डब्याला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवतात, पंपानं थोडी हवा भरतात आणि बादलीत बुडवतात ते वायरचं दुसरं टोक. डबा नाही! बघा, तांब्याच्या तारांमधून बुडबुडे येतायत.

"झाकणाला काय बोलू नका. पाणी वायरीतनं येतंय."

ग्लँड आवळते ती वायरची बाहेरची साल. आतल्या बारीक तारांमधल्या फटी मोकळ्याच राहतात. मधे कुठं साल फाटली, की वातीत तेल चढावं तसं पाणी तारांमधून सरकतं. त्यात उन्हात तापलेला डबा नदीत सोडला की आतली हवा आकसते आणि डबा पाणी ओढूनच घेतो. दहा मीटर खोलीवर तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोचा जादा दाब असतो.

उपाय वेळखाऊ आहे. डब्यात शिरते तिथं प्रत्येक तार बोटभर सोलायची, कथील पाजून भरीव करायची. सालीला पॉलिश पेपर मारायचा, कारण गुळगुळीत पीव्हीसीला इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणारा गोंद, नीट धरत नाही. मग सगळं इपॉक्सीत बुडवून रात्रभर ठेवायचं. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन इथं नको. त्यातलं ॲसिड तांबं खातं.

गंमत म्हणजे मामांच्या बाकावरच्या बोअरच्या मोटरीत मुद्दाम पाणी भरलेलं असतं. तिच्या वाइंडिंगच्या तारेलाच प्लॅस्टिकची साल असते. आत-बाहेर पाणीच, मग दाबाची भीती कसली? कॅमेऱ्याला ती चैन नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पंप, पुन्हा बादली. बुडबुडा नाही. मामा मात्र वायरचं वरचं टोक हातात धरून उभेच.

"हे कुठं बांधणार?"

"काठावर, पेटीत."

"२०१९ ला पाणी कुठवर आलतं, बघितलंय न्हवं? त्याच्या वर बांधा."