इन्स्टॉलर पडतो तेव्हा तो नेमकं काय बघत असतो

मागे आवाज येतोय ना? बरं. तर विषय दिलाय लिनक्सचा इन्स्टॉलर क्रॅश झाला तर काय करायचं, पण मी तो जरा आटोपशीर करून घेतो, कारण इन्स्टॉलर पडायला सतरा कारणं असतात, रॅम खराब असते, आयएसओ म्हणजे इन्स्टॉलरची फाइल अर्धवट डाउनलोड झालेली असते, ग्राफिक्सचं काहीतरी असतं, ते सगळं आज बाजूला. आज फक्त डिस्क म्हणून मशीनला चिकटलेल्या भलत्यासलत्या वस्तू.

माझा स्वतःचाच किस्सा सांगतो. एक जुना डेस्कटॉप होता, नवी एसएसडी टाकली, पेनड्राइव्ह लावला, भाषा निवडली, कीबोर्ड निवडला, सगळं लोण्यासारखं चाललेलं, आणि डिस्क निवडायची स्क्रीन यायच्या जस्ट आधी ते गोल फिरणारं चक्र फिरत राहिलं आणि खिडकीच गायब. परत केलं, परत तिथंच. मग मी काय केलं, जे सगळे करतात तेच, आयएसओ पुन्हा उतरवली, पेनड्राइव्ह बदलला, एसएसडीची केबल बदलली, एसएसडी दुसऱ्या मशीनला लावून तपासली. ती एकदम ठणठणीत. अख्खा दिवस गेला राव. आणि दोषी कोण निघालं तर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला बसवलेला कार्ड रीडर, ज्यात कार्डच नव्हतं.

आता हे जवळून बघू. टर्मिनल उघडून एलएसबीएलके (lsblk, डिस्कची यादी दाखवणारी कमांड) मारलं तर एसडीए म्हणजे माझी एसएसडी, आणि तिच्या खाली एसडीबी, एसडीसी, एसडीडी, एसडीई अशा चार डिस्क, साइजच्या रकान्यात प्रत्येकापुढे शून्य. रीडरला चार खाचा, म्हणून कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, चार डिस्क दिसतात. नाव आहे, आत काही नाही. ते उघडायला गेलं की उत्तर येतं "नो मीडियम फाउंड". नीट लिहिलेला प्रोग्राम म्हणतो बरं, पुढचं बघू. पण कोडमधे कुठंतरी कोणीतरी गृहीत धरलेलं असतं की डिस्क आहे म्हणजे तिला साइज असणारच, आणि तिथं शून्य आलं की एक एक्सेप्शन, म्हणजे अनपेक्षित चूक, सुटतं, ते कोणी झेलत नाही, आणि अख्खा इन्स्टॉलर आडवा.

तुम्ही म्हणाल मला तर एसडीए वर टाकायचं होतं, ह्याला एसडीबी ला हात लावायचं कारण काय? कारण आहे. इन्स्टॉलर तुम्हाला विचारायच्या आधी मशीनवरची प्रत्येक ब्लॉक डिव्हाइस, म्हणजे डिस्कसारखी दिसणारी प्रत्येक वस्तू, स्कॅन करतो. त्याला करावंच लागतं, दुसऱ्या डिस्कवर विंडोज असू शकतं, एखादा एलव्हीएम ग्रूप (अनेक डिस्कची जागा एकत्र करून वापरायची सोय) दोन डिस्कवर पसरलेला असतो, रेडचे (RAID, अनेक डिस्क जोडून एक केलेला संच) मेंबर वेगवेगळ्या डिस्कवर असतात. फेडोरा ह्या लिनक्सचा इन्स्टॉलर अॅनाकाँडा हे काम ब्लिव्हेट नावाच्या लायब्ररीकडून करून घेतो, डेबियनचा पार्टमन आणि लिबपार्टेडकडून, कॅलामारेस हा इन्स्टॉलर वापरणारे केपीएमकोअर वापरतात, पण पद्धत सगळ्यांची तीच, आधी घरभर फिरून बघायचं. म्हणजे ज्या डिस्कवर इन्स्टॉल करायचंय ती सोडून बाकी सगळ्यांवर आधी संशय घ्या.

संशय कसा पक्का करायचा? क्रॅश झाला की रीस्टार्ट करू नका, हे मी हात जोडून सांगतो, कारण रीस्टार्ट केलं की लॉग गेले, ते सगळे रॅममधेच असतात. कंट्रोल-ऑल्ट-एफ२ दाबा, अॅनाकाँडा असेल तर शेल म्हणजे कमांड द्यायची जागा मिळते, टीएमपी फोल्डरमधे स्टोरेज डॉट लॉग आणि प्रोग्रॅम डॉट लॉग बघा. डेबियनमधे एफ४ वर लॉग धावताना दिसतात, उबंटूत व्हार-लॉग मधल्या इन्स्टॉलर फोल्डरमधे. लांबलचक ट्रेसबॅक, म्हणजे प्रोग्राम कुठं पडला त्याची यादी, वरून वाचायला बसू नका, तळाला जा, शेवटची ओळ वाचा, आणि पडायच्या आधी शेवटचं कुठल्या डिव्हाइसचं नाव आलं होतं ते कागदावर लिहा. मग डीमेसेज (dmesg, कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) मधे तेच नाव शोधा. दहातल्या आठ वेळा तिथं आय-ओ एररची (वाचता-लिहिता न आल्याच्या चुकांची) रांग लागलेली असते (दहातल्या आठ हे माझ्या मनाचं गणित आहे, कोणी मोजलेलं नाही).

मग ती वस्तू काढा. यूएसबीवरचं सगळं काढा, एक्सटर्नल डिस्क, प्रिंटरमधला कार्ड स्लॉट, आतमधे सीडी असल्याचं सोंग करणारे ते इंटरनेटचे डोंगल. आणि मदरबोर्डवरच असेल, काढता येत नसेल, तर बायॉसमधे (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमधे) बंद करा, तेही नसेल तर लाइव्ह सेशनमधे (पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या लिनक्समधे) सिस-ब्लॉक (/sys/block) खाली त्या डिस्कच्या नावाचं फोल्डर, त्यात डिव्हाइस, त्यात डिलीट नावाची फाइल असते, तिच्यात रूट म्हणजे सर्वाधिकारी यूजर होऊन १ लिहिलं की कर्नल त्या डिस्कला तेवढ्यापुरतं विसरतो. डेटाला धक्का लागत नाही, रीबूट केलं की परत हजर. फक्त नाव दोनदा वाचा. आणि यूएसबी-स्टोरेज मॉड्यूलच (यूएसबी डिस्कचा ड्रायव्हर) ब्लॅकलिस्ट म्हणजे बंद करायची आयडिया कोणाला सुचली तर थांबा, तुमचा इन्स्टॉलर पेनड्राइव्हवरूनच चाललाय, बसलेली फांदी तोडायचा प्रकार. मी केलंय ते.

दुसरा मोठा प्रकार म्हणजे डिस्क धडधाकट पण तिच्यावर मागच्या जन्माच्या खुणा. डिस्क पूर्वी रेडमधे होती, नंतर कोणीतरी फॉरमॅट केली, आता ती "कोरी" आहे असं सगळ्यांना वाटतं. पण एमडीच्या (लिनक्सच्या स्वतःच्या रेडच्या) ०.९० आणि १.० व्हर्जनची माहिती डिस्कच्या शेवटाकडे असते, इंटेलच्या बायॉस रेडचीही शेवटीच, जीपीटीची (डिस्कच्या भागांची नोंद ठेवणाऱ्या पार्टिशन टेबलची) दुसरी प्रत शेवटच्या सेक्टरांत, आणि झेडएफएस ही फाइल सिस्टिम तर चार लेबलं ठेवतो, दोन सुरुवातीला दोन शेवटी. तुम्ही डीडीने (dd, डिस्कवर थेट लिहिणारी कमांड) पहिला एक एमबी पुसला आणि खूष झालात, तर शेपूट तसंच राहिलं. इन्स्टॉलरला एकाच डिस्कवर दोन खरे वाटणारे पुरावे मिळतात, हा म्हणतो मी रेडचा मेंबर, तो म्हणतो माझ्यावर पार्टिशन टेबल आहे, आणि त्या गोंधळात तो एकतर डिस्क दाखवतच नाही किंवा पडतो. इथं वाइपएफएस (wipefs, अशा खुणा दाखवणारी आणि पुसणारी कमांड) कामाला येतं. नुसतं डिस्कचं नाव देऊन चालवलं तर ते फक्त यादी दाखवतं, काही पुसत नाही, म्हणून आधी तेच करा. डॅश ए दिलं की पुसतं, आणि सोबत बॅकअपचा ऑप्शन दिला तर पुसलेल्या खुणांची प्रत फाइलमधे ठेवतं. ह्याच्या आधी मॉडेल आणि सीरियल नंबर बघून घ्या प्लीज, कारण एसडीए आणि एसडीबी ही नावं प्रत्येक बूटला तीच राहतील अशी कोणी गॅरंटी दिलेली नाही.

ह्याच जातीतला एक मजेशीर नमुना. पेनड्राइव्हवर पूर्वी आयएसओ डीडी केलेली, नंतर त्यावर घाईत नवं पार्टिशन केलं. आता पार्टेड हा पार्टिशन करायचा प्रोग्राम तक्रार करतो की ड्रायव्हर डिस्क्रिप्टर म्हणतो ब्लॉक २०४८ बाइटचा आहे पण लिनक्स म्हणतं ५१२ चा. लोक घाबरतात की पेनड्राइव्ह मेला. मेला नाहीये, आयएसओच्या जुन्या खुणा आहेत, वाइपएफएस मारा.

बाकीचे पटापट सांगतो. छोट्या लॅपटॉपमधली ईएमएमसी, म्हणजे बोर्डवरच चिकटवलेली स्टोरेज चिप, तिथं एमएमसीबीएलके० सोबत शेपटाला बूट०, बूट१ आणि जुन्या कर्नलमधे आरपीएमबी (चिपचा सुरक्षित राखीव भाग) लावलेली नावंही डिस्कसारखी दिसतात, आरपीएमबी साध्या पद्धतीनं वाचताच येत नाही, एरर येणारच, त्यावर इन्स्टॉल करायचा विचारही नको. जुन्या मशीनमधे फ्लॉपी नसते पण बायॉसमधे चालू असते, मग इन्स्टॉलर एफडी० (फ्लॉपीचं नाव) वर टाइमआउट होत बसतो आणि आपल्याला वाटतं हँग झालं. काही यूएसबी एन्क्लोजर (डिस्क ठेवायचे बाहेरचे डबे) ५१२ चे सेक्टर ४०९६ चे म्हणून दाखवतात, त्यातून काढून डिस्क थेट साटाला लावली की पार्टिशन टेबल अगम्य होतं. आणि एनव्हीएमई (मदरबोर्डला थेट लागणारी एसएसडी) दिसतच नसेल तर तो क्रॅशचा विषयच नाही, बायॉसमधे आरएसटी किंवा व्हीएमडी (इंटेलचे स्टोरेज मोड) चालू आहे का बघा, पण त्याच मशीनवर विंडोज असेल तर ते बदलून एएचसीआय हा साधा मोड करण्याआधी विंडोजला सेफ मोडमधे बूट व्हायला सांगून ठेवा, नाहीतर ते निळी स्क्रीन दाखवेल.

काय म्हणालात? त्या कार्ड रीडरचं पुढे काय झालं? काही नाही हो, मदरबोर्डवरून त्याची यूएसबीची पिन काढली, इन्स्टॉल वीस मिनिटात झालं, आणि मग पिन परत लावली. अजून चालतोय. इन्स्टॉल झालेल्या सिस्टिमला रिकाम्या खाचांचं काहीच वाटत नाही, चारही शून्य एलएसबीएलके मधे अजून तशीच दिसतात.