वहीत नसलेले नाव

(दृश्य: पहाट. बीड जिल्ह्यातील एका वस्तीवर ट्रॅक्टरमध्ये बोचकी, भांडी आणि लेकरे चढवली जात आहेत.)

निवेदन:
दसरा सरला की धारूर, केज, वडवणी या तालुक्यांतील वस्त्या ऊसतोडीसाठी रिकाम्या होऊ लागतात. मजुरांच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमाच्या बोलीत नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, त्या कोयत्यावर मिळते आणि वहीत नाव लागते ते बहुधा पुरुषाचे. पुरुष दगावला तरी उचल मागे राहते. मराठवाड्यातील कथा या मागे राहिलेल्या बाईपाशी थांबते, म्हणून ती आम्हाला मोलाची वाटते.

अशा एखाद्या कथेतील प्रसंग डोळ्यांपुढे आणूया. दहावा नुकताच झाला आहे. मुकादम ओसरीवर बसला आहे आणि त्याच्या मांडीवर वही आहे. बाई पाण्याचा तांब्या पुढे ठेवते, तेव्हा तिच्या मनगटावर फुटलेल्या बांगडीचा ओरखडा दिसतो. ती म्हणते, ‘‘कोयता अर्धा झाला, मंग उचल बी अर्धी करा की, दादा.’’ मुकादम सावकाश पाणी पितो.

इथे कथाकाराला वैधव्यावर भाष्य करावे लागत नाही. परभणीचे आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला 2016 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तो गावाकडच्या माणसाची कोंडी आतून पाहणाऱ्या लेखनाचाच सन्मान होता.

2019 साली शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीडमधील 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीमुळे कामाला खाडा पडला की पैसे कापले जातात आणि कर्करोगाची भीतीही घातलेली असते. ‘‘पिशवी काढली’’ हे दोन शब्द एखादी बाई मोळी बांधता बांधता उच्चारते, तेव्हा तिचा हात क्षणभर थांबतो की नाही, हे पाहण्यासाठी कथाच लागते.

त्याहून अवघड आहे ते न जन्मलेल्या मुलीविषयी लिहिणे. 2011 च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर 1,000 मुलांमागे 807 मुली होत्या. जन्माआधीच्या या मरणाला दहावा नसतो, रडायला कोणी येत नाही, आणि जिला नावच मिळाले नाही तिला पात्र म्हणून उभे करायचे कसे, हा लिहिणाऱ्यापुढचा खरा पेच असतो. पाचव्या महिन्यात पोट रिकामे करून घरी आणलेल्या बाईला दोन-तीन दिवसांनी पान्हा दाटतो. ती पदर घट्ट आवळून भाकरी थापायला बसते, आणि सासूला ते कळते, पण ती बोलत नाही. एवढे लिहिले तरी ती मुलगी कथेत येते.

(दृश्य: पुन्हा तीच ओसरी. रिकामा तांब्या.)

मुकादम वही उघडतो, बापाचे नाव खोडतो आणि त्याच्या खाली चौदा वर्षांच्या मुलाचे नाव लिहितो. मायलेकांचा कोयता पुन्हा पुरा झालेला असतो. उचलीचा आकडा तोच राहतो, आणि बाई तांब्या उचलून आत जाते.