पहिल्या स्टॉपवरची मुलं

सकाळचे सव्वासहा. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात धुकं अजून हटलेलं नाही, कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) कडेला चारपाच मुलं दप्तरं घेऊन उभी आहेत आणि पोदेरची, म्हणजे पाववाल्याची, सायकल भोंपू वाजवत आत्ता कुठे वाड्यावर शिरतेय. म्हणजे गरम पाव घरी पोचायच्या आधी पोर घराबाहेर.

गोव्यात बऱ्याच शाळा आठच्या आसपास भरतात. गाडी वाडे फिरत फिरत जाते, त्यामुळे पहिल्या स्टॉपवरचा मुलगा सगळ्यात आधी उठतो आणि गाडीतही सगळ्यात जास्त वेळ बसतो, शाळेजवळचा तोवर मस्त झोपलेला असतो, वर्ग मात्र दोघांचा एकच, परीक्षाही एकच. बालरथ, म्हणजे सरकारी योजनेतल्या शाळेच्या बसगाड्या, आले हे फारच चांगलं झालं, पायपीट वाचली. झोप नाही वाचली.

घरोघरी एकच बोलणं, मोबाईल ठेव आणि लवकर झोप. मोबाईलचा त्रास आहेच. पण वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढायला लागतं, मग नववीतला पोरगा दहाला आडवा झाला तरी अकरापर्यंत डोळा लागत नाही. या वयात ८ ते १० तास झोप हवी, आणि साडेपाचला तर उठायचंय. हिशोब तुम्हीच करा.

एवढ्या पहाटे भूक पण नसते. चहात बुडवलेला अर्धा पाव, तोही उभ्याउभ्या, आई पातळभाजीची वाटी घेऊन मागे मागे, "बाबू, दोन घास तरी खा." काही मुलं तर वळणांवर गाडी लागते म्हणून मुद्दाम उपाशी निघतात. आठवीपर्यंत शाळेत मध्यान्ह आहार असतो, भाजी-पाव वगैरे. नववीपासून तो बंद. झोप सगळ्यात जास्त तुटते त्याच वयात हा आधारही जातो, हे मला फार खुपतं.

कॅलिफोर्नियात २०२२ पासून सरकारी हायस्कूल साडेआठच्या आधी भरत नाहीत, पण तिथेही खेड्यांना त्यातून वगळलंय. महाराष्ट्राने २०२४ मध्ये नऊची वेळ ठरवली ती चौथीपर्यंतच्या मुलांसाठी. खेड्यातली मोठी मुलं दोन्हीकडे राहिलीच.

घंटा अर्धा तास पुढे न्यायला काय हरकत आहे? ते जमेपर्यंत निदान गोल फिरणाऱ्या गाडीचा रूट दर महिन्याला उलटा करा, म्हणजे पहाटे उठायची पाळी एकाच वाड्यावर येणार नाही. आणि नववी-दहावीलाही सुट्टीत भाजी-पाव द्या.