पाणी माझ्या रानातलं

नमस्कार मंडळी. आजचा विषय ऐकायला जरा जड हाय, पण भाकरी थापता थापता ऐकलात तरी चालतंय. माझं शरीर माझं, माझी कमाई माझी, माझी जमीन माझी, म्हणजे माणसाचे हक्क. तर एवढ्या एका विचारावर समाजानं कसं वागावं हे ठरतंय का? इंग्लंडात १६८९ च्या सुमाराला जॉन लॉक नावाच्या विचारवंतानं जीव, स्वातंत्र्य आणि मालमत्ता हे माणसाचे उपजत हक्क म्हणून मांडले, पुढं १८५९ ला तिथलाच दुसरा विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल म्हणाला, दुसऱ्याला इजा होत नाही तोवर कुणी मध्ये पडू नये. बास, पुस्तकातलं एवढंच.

आता तासगाव भागातली गोष्ट ऐका, आमच्या पाहुण्यांच्यातली. भावकीतल्या चार घरांत एक विहीर, पाळीनं पाणी, रात्रीची लाईट असली की बॅटरी घेऊन द्राक्षाच्या बागेत. ऑक्टोबर छाटणी झालेली, घड दिसायला लागलेले आणि विहिरीनं तळ गाठलेला. त्यातल्या एकानं, आपण त्याला बापू म्हणू, स्वतःच्या रानात पण अगदी बांधाला लागून बोअर मारली. रात्रभर गाडी धडधडत होती, पहाटं पाणी लागलं, नारळ फुटला, पेढे वाटले आणि आठवड्याच्या आत विहिरीवरची मोटर हवा ओढायला लागली.

भावकीतले तात्या गेले त्याच्याकडं. "बापू, आमचं पाणी पळवलंस की रं."
"तात्या, माझ्या रानात मारलीया, कर्ज बी माझ्याच नावावर हाय."

आणि तो काय खोटं बोलत नव्हता! १८८२ च्या ईझमेंट, म्हणजे वहिवाटीच्या हक्कांच्या, कायद्यापासून आपल्या जमिनीखालचं पाणी उपसायचा हक्क जमीनमालकाचा धरलाय. १९९३ ला राज्यात कायदा आला, गावच्या पिण्याच्या पाण्यापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर काढायला बंधन आलं, पण ते पिण्याच्या पाण्यासाठी, द्राक्षाच्या बागेसाठी नव्हं.

मग पारावर बैठक बसली आणि एक जण म्हणाला, वाळीत टाका ह्याला, पोरीच्या लग्नाला कुणी जायचं नाही. (तसं साडेबाराचा मुहूर्त असताना दोन वाजेपर्यंत भाषणं ऐकायला लावणाऱ्यांच्या लग्नाला न जायचा हक्क मला घटनेनं द्यावा असं माझं जुनं मत आहे, असो.) पण वाळीत टाकणं हा महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि असला पाहिजे. ज्या बाबासाहेबांचं नाव १९०० साली आपल्या साताऱ्याच्या शाळेत घातलं, त्यांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत स्पष्ट सांगितलं की मसुद्यानं गाव बाजूला ठेवून व्यक्ती हा घटक धरला याचा मला आनंद आहे. परत सांगतो, गाव नाही, व्यक्ती. सगळं गाव मिळून एकाच्या छाताडावर बसतंय म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

म्हणजे हक्क काय करतो, तर गावाला सांगतो की बापूच्या अंगावर जाऊ नका. हे लई मोठं काम आहे. पण बोअरवर बसलेल्या बापूनं काय करावं, हे तो सांगत नाही. बापूला अडवायचं नाही एवढंच कळतं, बापू बरोबर वागला का, हे कळत नाही.

ते सांगितलं त्याच्या आईनं. म्हातारीनं कुणाला न विचारता बोअरची पाईप सामाईक हौदात सोडायला लावली, दिवसाआड चार तास. बापू तणतणत आला, "आई, पाणी माझं हाय!" म्हातारी म्हणाली, "तुझं हाय म्हणून तर देतोय. दुसऱ्याचं कसं दिलं असतं रं?"

बापू गप झाला, चारी बागा निघाल्या. मोटरचं लाईट बिल मात्र त्यानं चार घरांत वाटून रोख वसूल केलं, तात्यांकडून सुद्धा, आणि ते त्यानं बरोबरच केलं असं माझं मत आहे. नमस्कार.