क्रीमच्या डबीत आणि कुलंटच्या टाकीत

(दृश्य: काचेचं भांडं, ढवळणारा हात)

पाण्यात कार्बोमरची, म्हणजे जेल घट्ट करणाऱ्या पदार्थाची, पांढरी पूड भिजलेली आहे. पाणी पातळ, गढूळ, किंचित आम्लधर्मी. आता ड्रॉपरमधून दाट, चिकट द्रवाचे काही थेंब पडतात. ढवळता ढवळता हाताला जडपणा लागतो, गढूळपणा जातो, आणि पाहता पाहता स्वच्छ, पारदर्शक जेल तयार होतं.

हे थेंब ट्रायइथेनॉलअमाइनचे. कारखान्यात सगळे टीईए म्हणतात.

अमोनिया आणि इथिलीन ऑक्साइडच्या अभिक्रियेतून ते बनतं. शुद्ध टीईए सुमारे २१ अंशांखाली गोठू शकतं, त्यामुळे थंडीत ड्रम कोमट करूनच उघडावा लागतो. क्रीममध्ये स्टिअरिक आम्लाशी मिळून त्याचा साबण होतो आणि तो तेल-पाण्याला एकत्र धरून ठेवतो. सिमेंट कारखान्यात क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघालेले सिमेंटचे गोळे, दळताना टनामागे काहीशे ग्रॅम पुरतं. कण एकमेकांना चिकटत नाहीत, दळण बारीक निघतं.

(दृश्य: लेथ, जॉबवर म्हणजे घडवल्या जाणाऱ्या धातूच्या तुकड्यावर पडणारी दुधाळ धार)

पुण्याजवळची भोसरी असो की कोल्हापूरजवळची शिरोली, मशीनशॉपमधल्या अनेक कुलंटमध्येही, म्हणजे धातू कापताना थंडावा देणाऱ्या द्रवातही, हेच टीईए असतं. ते जॉबला गंज चढू देत नाही. पूर्वी त्याच कामासाठी कुलंटमध्ये सोडियम नायट्राइटही घालत. अशा मिश्रणात नायट्रोसअमाइन तयार होतं, हे १९७० च्या दशकात उघड झालं. उंदरांवरच्या प्रयोगांत त्याने यकृताचा कर्करोग झाला होता.

सौंदर्यप्रसाधनांना युरोपने कडक नियम लावले: न धुता अंगावर राहणाऱ्या क्रीममध्ये जास्तीत जास्त २.५ टक्के टीईए, आणि त्याची साठवण नायट्राइट नसलेल्या डब्यातच. बोटभर क्रीम लावणाऱ्यासाठी एवढी काळजी घेतली जाते. मग अख्खी शिफ्ट कुलंटमध्ये हात बुडवून उभ्या असलेल्या ऑपरेटरला ती मिळायलाच हवी.

(दृश्य: ऑपरेटरचे हात)

कुलंट अल्कधर्मी असतं. ते त्वचेचं तेल काढून घेतं. आधी बोटांच्या बेचक्यांत खाज सुटते, मग भेगा पडतात. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उडून मिश्रण आणखी तीव्र होतं. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब ठेवून उजेडाकडे धरलं, की तीव्रता कळते. जास्त निघाली तर पाणी वाढवायचं. हे काम रोज सकाळी, मशीन सुरू करण्याआधी करायचं. आणि नवा ड्रम आला, की सोबतच्या सुरक्षापत्रकात नायट्राइट आहे का ते आधी वाचायचं, मगच झाकण उघडायचं.